कम्युनिटी कॉलेजचा वर्षाचा अहवाल घरी आलाय, सगळंच गोड गोड. खरं काय समजायचं?

चहा_आणि_चिंता
नमस्कार मंडळी. आम्ही बे एरियात, सनीवेलच्या आसपास राहतो. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेल्या महिन्यात जेवताना शांतपणे म्हणाला की मी आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला (इथलं स्वस्त, दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) जातो, मग यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर घेतो, पैसे पण वाचतील. त्या दिवशी आमच्याकडे वरण गार झालं. ह्यांचं म्हणणं, तिथे कोण जातं, ज्यांना कुठेच मिळालं नाही ते, आणि गणपतीत मंडळात लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं. (हे शेवटचं ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.)

आणि नेमकं त्याच आठवड्यात कॉलेजचं वर्षभराच्या कामगिरीचं चकचकीत पुस्तक पोस्टाने आलं. वाचलं सगळं. अ‍ॅडमिशन वाढल्या, पदव्या वाढल्या, सर्टिफिकिटं वाढली, ट्रान्सफर होणारे वाढले, नवी इमारत उभी राहतेय, नर्सिंगच्या मुली फोटोत हसतायत. शेवटच्या पानावर पुढची आव्हानं म्हणून चार ओळी, त्यात बजेट आणि बदलती परिस्थिती असं मोघम काहीतरी. लग्नाच्या स्थळासारखं वाटलं मला, मुलगा सालस आहे, दोष म्हणाल तर एकच, जरा जास्त काम करतो.

तर ज्यांचा आतून संबंध आलाय त्यांनी सांगा, हे यश वाचायचं कसं? ती आव्हानं म्हणजे नेमकं काय, आणि त्याचा त्रास माझ्या मुलाला होणार का? प्लीज "मुलाच्या मनाचं ऐका" एवढंच लिहू नका, ते माझी बहीण रोज फोनवर सांगते.

गणिताची_बाई
मी शिकवते हो. गणित, तीन कॉलेजं, दोन डिस्ट्रिक्ट (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका कारभाराखालची कॉलेजं). नावं सांगणार नाही, नोकरी प्यारी आहे.

पहिलं "अ‍ॅडमिशन वाढल्या" घ्या. कोविडमध्ये कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतून लाखोंनी मुलं गळाली, कोणी दुकानात लागलं, कोणी गोदामात, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळत घरी बसलं. त्या खड्ड्यातून वर येताना दरवर्षी वाढच दिसणार ना. म्हणून तुलना गेल्या वर्षाशी केलीय का २०१९ शी ते आधी बघा. मग बघा वाढलं कोण. बरीच वाढ ड्युअल एनरोलमेंटची असते, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे क्लास घेणारी पोरं, देशभरात कम्युनिटी कॉलेजात साधारण पाचातला एक विद्यार्थी आता हायस्कूलचा आहे. आपली कपर्टिनोकडची मुलं उन्हाळ्यात एखादा विषय उरकायला येतात तीसुद्धा यातच मोजली जातात. वाईट काहीच नाही त्यात, माझ्या वर्गातली सगळ्यात टापटीप गृहपाठवाली तीच असतात, पण दिवसा काम करून संध्याकाळी सातला वर्गात येणारी बाई परत आली का हे त्या आकड्यातून कळत नाही.

आणि मग भुतं. हसू नका, खरंच त्यांना घोस्ट स्टुडंट म्हणतात. चोरलेल्या किंवा बनावट नावांनी अर्ज भरायचा, ऑनलाइन क्लासला नाव घालायचं, फायनान्शियल एडचे, म्हणजे शिकण्यासाठीच्या मदतीचे, पैसे खात्यात पडले की गायब. २०२४ च्या सुरुवातीला राज्याच्या चॅन्सेलर ऑफिसचाच अंदाज होता की आलेल्या अर्जांपैकी साधारण चारातला एक बनावट असावा. माझ्या एका ऑनलाइन स्टॅट्सच्या वर्गात पहिल्याच दिवशी फुल्ल, वेटलिस्टपण भरलेली. मी खूष. "स्वतःची ओळख करून द्या" असं पहिलं काम दिलं तर नऊ जणांची ओळख शब्दाशब्दाला सारखी, सगळ्यांना निसर्गात फिरायला आवडतं. त्यांना काढेपर्यंत दुसरा आठवडा उजाडला आणि वेटलिस्टवरची खरी मुलं तोवर दुसरीकडे गेलेली, त्यातल्या एकीचं त्या एका विषयापायी सेमिस्टर लांबलं. म्हणजे आता शिक्षकाने आधी पोलिसाचं काम करायचं आणि मग मास्तरकी. हे तुमच्या त्या चार ओळींत "बदलती परिस्थिती" मध्ये येतं.

आता पैशाचं. कॉलेजला नुसती डोकी मोजून पैसे मिळत नाहीत, तासांवर मिळतात, वर्गातले ५२५ तास म्हणजे एक पूर्णवेळ विद्यार्थी, मग ते एकाने भरले काय आणि पाच जणांनी मिळून भरले काय. २०१८-१९ पासून त्यात नवा फॉर्म्युला आला, ढोबळ मानाने ७० टक्के पैसा या हजेरीवर, २० टक्के गरीब मुलं किती त्यावर आणि १० टक्के निकालावर, म्हणजे पदव्या, सर्टिफिकिटं, ट्रान्सफर वगैरे. त्यामुळे "सर्टिफिकिटं वाढली" हे यश पण आहे आणि उत्पन्न पण. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. (वेस्ट व्हॅली-मिशन किंवा सॅन मॅटेओसारखे जे डिस्ट्रिक्ट प्रॉपर्टी टॅक्सवरच भागवतात त्यांना या हजेरीची एवढी धाकधूक नसते, घरांच्या किमती वाढल्या की ते खूष.)

नवी इमारत दिसते ती बाँडच्या पैशातून. लोकांनी ५५ टक्के मतं दिली की कर्ज उभारता येतं, फुटहिल-डी अँझाचा २०२० चा बाँड जवळपास ९० कोटी डॉलरचा होता. पण तो पैसा इमारतीला, सामानाला. मास्तरांच्या पगाराला नाही. काचेची नवी सायन्स बिल्डिंग आणि आत शिकवणारी बाई गाडीच्या डिकीत ऑफिस घेऊन फिरतेय, हे आमचं रोजचं चित्र. पार्ट टाइम शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांहून जास्त देता येत नाही असा कायदा आहे, म्हणून आम्ही दोन-तीन डिस्ट्रिक्ट धरतो आणि १०१ फ्रीवेवर आयुष्य काढतो. १९८८ च्या एका कायद्यात राज्याने ठरवलं होतं की शिकवण्याचे ७५ टक्के तास पूर्णवेळ शिक्षकांकडे असावेत. मी ७५ ची वाट बघत बघत पन्नाशीला आले.

मुलाला याचा त्रास काय? माझ्यासारखीला ऑफिस नसतं, ठराविक वेळ नसते. शिकवते मी जीव तोडून, पण चार वाजता तो प्रश्न घेऊन आला तर मी फ्रीवेवर असते.

टॅगवाला_बाबा
बाईंनी सगळी हवाच काढली की. माझा अनुभव चांगला आहे, तो पण लिहितो.

मुलगा फुटहिलला दोन वर्षं, मग यूसी डेव्हिस, आता नोकरीला आहे. टॅग म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ या सहांपैकी एकाला करता येते. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. अर्ज सप्टेंबरच्या एका महिन्यात भरायचा असतो, ती तारीख चुकली की गॅरंटी गेली, मग नोव्हेंबरचा नेहमीचा अर्ज सगळ्यांबरोबर. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा, कॉम्प्युटर सायन्स बऱ्याच ठिकाणी टॅगमध्ये धरत नाहीत. आपल्या घरात मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला असतो ते मी सांगायला नको.

पैशाचा हिशेब सरळ आहे. सेमिस्टरवाल्या कॉलेजात युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर, डी अँझा-फुटहिल क्वार्टरवाले, म्हणजे छोट्या सत्रांचे, म्हणून तिथे ३१. ट्रान्सफरला सेमिस्टरचे ६० किंवा क्वार्टरचे ९० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी तीन हजारांच्या आत, वर पुस्तकं, पार्किंग आणि किरकोळ. पहिल्यांदाच आणि फुलटाइम शिकणाऱ्या मुलांना दोन वर्षं ही फी माफ करण्याची सोयही बऱ्याच कॉलेजांत आहे. यूसीला एका वर्षाची नुसती ट्यूशन पंधरा हजारांच्या घरात, राहणं-खाणं वेगळं. त्यात मुलगा घरी राहतो म्हणजे फ्रीज तुमचाच रिकामा होतो, तो खर्च धरा.

पण बाईंचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्यात भर घालतो. पुस्तकात "ट्रान्सफर झालेले किती" असतं. "ट्रान्सफर व्हायचं होतं असे किती" हे विचारा. राज्याच्या ऑडिटरने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात २०१७ ते २०१९ मध्ये सुरुवात केलेल्या आणि ट्रान्सफरचा इरादा असलेल्या मुलांपैकी चार वर्षांत पाचातला एकच पोचला. एकच! आणि दुसरीकडे बघा, कॅल स्टेटचे (यूसीखेरीज राज्याची दुसरी सरकारी विद्यापीठं) जे पदवीधर होतात त्यातले जवळपास निम्मे कम्युनिटी कॉलेजातून आलेले. म्हणजे पूल पक्का आहे, पण पुलापर्यंत पोचेस्तोवर लोक हरवतात.

का हरवतात ते मी घरात पाहिलंय. प्रत्येक यूसीला त्याच मेजरसाठी वेगवेगळे विषय लागतात. डेव्हिसला चालणारा विषय सांता क्रूझला चालेलच असं नाही. असिस्ट नावाची सरकारी साइट आहे, त्यावर कुठला क्लास कुठे चालतो ते दिसतं, ती मुलाने पहिल्या आठवड्यात उघडायला हवी. माझ्याने तिसऱ्या क्वार्टरला उघडली, आणि केमिस्ट्रीची साखळी एक क्वार्टर उशिरा सुरू झाली म्हणून उन्हाळाभर लॅब करत बसला. चूक कोणाची म्हणाल तर आमची. काउन्सेलरची अपॉइंटमेंट मिळायला दोन आठवडे लागायचे आणि आम्ही ती तेव्हाच घ्यायचो जेव्हा सगळं कॉलेज घेतं.

उंटावरचा_शहाणा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ४६ डॉलरमध्ये जे मिळतं ते ४६ डॉलरचंच असणार. स्वस्त तिथे गर्दी. मुलगा हुशार असेल तर कर्ज काढा पण चार वर्षांच्या कॉलेजला टाका, संगत महत्त्वाची.

गणिताची_बाई
@उंटावरचा_शहाणा ४६ ही फी २०१२ पासून तशीच आहे आणि १९८४ च्या आधी तर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात फीच नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत डी अँझाच्या फ्लिंट सेंटरमध्ये पहिला मॅकिन्टॉश लोकांना दाखवला होता. (ते फ्लिंट सेंटर आता गेलं, २०१९ ला बंद झालं. मला अजून चुटपुट लागते.) फी कमी म्हणजे शिक्षण कमी नाही हो, बाकीचं बिल तुम्ही आम्ही टॅक्समधून भरतोय, म्हणून तर तुमच्या घरी ते पुस्तक येतं. आणि कॅल्क्युलस तेच असतं. यूसीला तीनशेच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून ऐकतात, माझ्याकडे चाळीसजणांत मला नाव माहीत असतं. संगतीचं म्हणाल तर माझ्या वर्गात एक रिटायर्ड इंजिनियर, एक सैन्यातून परत आलेला आणि एक सतरा वर्षांची अशी तिघं शेजारी बसून इंटिग्रेशन करत होती. अशी संगत पैसे टाकून मिळते का ते सांगा.

बीकॉम_पार्ल्याची
माझं जरा वेगळंच आहे, मुलाचं नाही, स्वतःचं. पण अहवालात मी कुठे दिसते हे सांगायला लिहितेय.

एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या बायकोचा व्हिसा) आले तेव्हा पहिली दोन वर्षं नुसती भिंतीकडे बघत काढली. काम करायला परवानगी नाही, शिकायला मात्र एच-४ वर आडकाठी नाही, हे मला मैत्रिणीने लायब्ररीत सांगितलं. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे दिले की कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांनाही रेसिडेंटची फी लागू होऊ शकते. फेडरल मदत मिळत नाही ती नाहीच. आधी मी चाइल्ड डेव्हलपमेंटचे बारा युनिट केले, तेवढ्यावर इथे प्रीस्कूल टीचर होता येतं, सगळे मिळून साडेपाचशेच्या आसपास डॉलर. आपल्या किती जणी प्रीस्कूलमध्ये लागल्यात त्या याच रस्त्याने, कधी विचारून बघा. पुढे २०१५ मध्ये एच-४ वाल्यांना वर्क परमिट मिळायला लागलं (सगळ्यांना नाही, ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकलीय त्यांनाच), माझं आलं आणि मी अकाउंटिंगकडे वळले. मुंबईचं बीकॉम-एमकॉम होतंच, सीपीएला (इथल्या सीएच्या परीक्षेला) बसायला इथले अकाउंटिंगचे युनिट कमी पडत होते, ते एकेक करत संध्याकाळच्या वर्गातून भरून काढले. पोटात धाकटी होती तेव्हा एक अख्खं क्वार्टर पहिल्या बाकावर, कारण मागच्या बाकांत पोट मावत नव्हतं.

आता गंमत अशी की मी पदवी घेतली नाही, ट्रान्सफर झाले नाही, सर्टिफिकिटासाठी अर्जही केला नाही, मला हवे होते ते विषय घेतले आणि निघून गेले. कॉलेजच्या हिशेबात मी "अर्धवट सोडून गेलेली" असणार! आज पगार घेते. तेव्हा आकड्यांवर फार विश्वास नको, इकडूनही आणि तिकडूनही.

चहा ताई, मंडळात लोक विचारतील म्हणता ना, त्या मंडळातल्या दहा बायकांना विचारा कुठे शिकल्या.

एडिसनचा_बाप्या
जर्सीवाल्यांचे दोन पैसे. आमच्याकडे काउंटी कॉलेज म्हणतात. एडिसनमध्ये मिडलसेक्स कॉलेज आहे, २०२१ पर्यंत नावात "काउंटी" होतं, ते काढून टाकलं. नाव बदललं तरी ड्राइव्हवेवर आजोबांचे वॉक तेच. एनजे स्टार्स म्हणून योजना आहे, हायस्कूलच्या वर्गात वरच्या १५ टक्क्यांत आलात तर काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ, बाकीची फी भरायची. म्हणजे सरकार हुशार मुलांनाच तिथे पाठवायला बघतंय आणि आपले लोक म्हणतात ते नापासांचं. माझ्या भाच्याने घेतली, मग रटगर्सला (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) गेला. भावजय दोन वर्षं सगळ्यांना "तो रटगर्सलाच आहे" सांगत होती, तेवढं सोडलं तर सगळं उत्तम झालं.

कॅलिफोर्नियातल्या टॅगसारखी नावानिशी गॅरंटी आमच्याकडे नाही, पण असोसिएट (दोन वर्षांची) पदवी पूर्ण केली की सरकारी विद्यापीठात क्रेडिट धरावे लागतात असा राज्याचा कायदा आहे. पूर्ण केली तर हं. अर्धी टाकून गेलात तर मग एकेका विषयासाठी भांडत बसा.

तालुक्याचा_मास्तर
मी सातारा जिल्ह्यातून. तुमची चर्चा वाचून आमच्या कॉलेजचा बोर्ड आठवला. यूजीसीने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली होती, चालू कॉलेजांतच सर्टिफिकेट, डिप्लोमा, अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा असे रोजगाराचे कोर्स, स्थानिक कारखान्यांशी बोलून ठरवायचे. कल्पना तुमच्या अमेरिकेवरूनच. आमच्याकडे पोस्टर झाले, उद्घाटन झालं, नारळ फुटला, आणि अनुदानाचा हप्ता लांबला तसे ठेक्यावरचे शिक्षक निघून गेले. वार्षिक अहवालात मात्र ते कोर्स पुढची दोन वर्षं "यशस्वीरीत्या सुरू" होते, तो अहवाल टाइप करणारा मीच, म्हणून माहितीय.

एक फरक मला जाणवला. तुमच्याकडे त्या दोन वर्षांचे क्रेडिट पुढे विद्यापीठात चालतात म्हणून पोरं येतात. आमच्या पोरांना डिप्लोमा घेऊन पुढे कुठे जायचं हेच कळत नव्हतं, बीव्होक (रोजगाराच्या विषयातली पदवी) नंतर आलं तरी गावात कोणी विचारलं "हे बीए आहे का बीएस्सी" तर उत्तर देता यायचं नाही. पूल नसेल तर घाट कितीही चांगला बांधा.

टॅगवाला_बाबा
@तालुक्याचा_मास्तर "टाइप करणारा मीच" वाचून चहा सांडला. पण इथेही पुलावरून भांडण आहेच. २०२१ च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजांना स्वतःची बॅचलर पदवी काढायची कायमची मुभा मिळाली, राज्यात वर्षाला तीसपर्यंत नवे कोर्स. फुटहिलची डेंटल हायजीनची पदवी त्याच्याही आधीच्या प्रयोगातली, पहिल्या पंधरातली. पण कॅल स्टेटवाले अडून बसतात की हा कोर्स आमच्यासारखाच आहे, नको. पोराला हवी ती पदवी घराजवळ दहा हजारांत मिळते यात कोणाचं काय जातं देव जाणे. जातं ना, त्यांच्याही खुर्च्या रिकाम्या आहेत.

चहा_आणि_चिंता
सगळ्यांचे खूप आभार, मी दोनदा वाचलं, ह्यांनाही वाचायला दिलं. बीकॉम ताईंचं वाचून जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले की आपल्या मागच्या बिल्डिंगमधल्या त्या प्रीस्कूलवाल्या वहिनीपण तिथेच शिकल्या ना. हो, तिथेच.

काल मी आणि मुलगा कॉलेजच्या ओपन हाउसला जाऊन आलो. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेले प्रश्न कागदावर लिहून नेले होते. ट्रान्सफर व्हायचं होतं त्यातले किती झाले, असं विचारलं तर त्या काउन्सेलर बाई आधी हसल्या, म्हणाल्या हे कोणी विचारत नाही, मग मला बाजूला घेऊन मेजरप्रमाणे आकडे दाखवले. पुस्तकातल्या आकड्यांइतके गोंडस नव्हते, पण लपवले नाहीत, ते आवडलं. मुलाने तिथेच उभ्या उभ्या फोनवर असिस्ट उघडलं. त्याला इकॉनॉमिक्स करायचंय हे मला तेव्हा कळलं, घरी तो "काहीतरी बिझनेस" म्हणायचा.

अजून ठरलं नाही. यूसीचे निकाल मार्चमध्ये येतील, तोवर दोन्ही दारं उघडी. फक्त एक विचारायचं राहिलं, इकॉनॉमिक्सला कॅल्क्युलस लागतंच का हो? तो गणिताला जरा बिचकतो, आधी सोपा क्लास घेऊ देतील का?

गणिताची_बाई
कॅल्क्युलस लागतंच, आणि आधीचे सोपे क्लास आता जवळजवळ राहिले नाहीत. २०१७ आणि २०२२ च्या दोन कायद्यांनी रेमेडियल गणित (आधीची कच्ची तयारी करून घेणारे वर्ग) काढून टाकलं, थेट वरच्या वर्गात बसवायचं आणि सोबत जादा तासांचा सपोर्ट द्यायचा. पास होणारे वाढले हे खरं, अहवालात ते पण असेल बघा. तळ्यात ढकलल्यावर पोहायला शिकतात, काही जण गटांगळ्या पण खातात, आमच्या स्टाफरूममध्ये यावर अजून भांडणं चालू आहेत. तेव्हा सपोर्टवाला सेक्शनच घ्यायला सांगा, आणि शक्यतो वर्गात बसून, ऑनलाइन नको. ते सेक्शन मोजकेच असतात आणि आधी भरतात. त्याची रजिस्ट्रेशनची तारीख आणि वेळ पोर्टलवर दिसेल, त्या दिवशी पंधरा मिनिटं आधीच लॉगइन करून बसायला सांगा. आणि हो, वर्गात पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला सांगितली तर निसर्गात फिरायला आवडतं असं लिहू नको म्हणावं.